मुलाच्या सुंतेचा निर्णय कसा घ्यावा: आई-वडिलांसाठी मार्गदर्शन

मिरजेला मुलांच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या आई-वडिलांशी बोलण्यात माझ्या परिचारिकेच्या नोकरीची बावीस वर्षे गेली. जत, आटपाडी, कवठेमहांकाळपासून सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडीपर्यंतची माणसे पहाटेची एसटी धरून इथे येतात. मुलाच्या सुंतेसाठी येणारी कुटुंबे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. काहींच्या हातात कुणा डॉक्टरांची चिठ्ठी असते, ‘कातडी मागे सरकत नाही, ऑपरेशन करून घ्यावे’. ही बहुतेक हिंदू, जैन किंवा बौद्ध घरांतली माणसे असतात आणि त्यांनी हा शब्द स्वतःच्या मुलाच्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकलेला असतो. दुसरी कुटुंबे मुस्लिम असतात. त्यांच्या घरात खतना पिढ्यान् पिढ्या होत आलेला असतो, तारीख ठरलेली असते, पाहुण्यांना निरोप गेलेले असतात.

दोघांनाही मी एकच गोष्ट सांगत आले आहे. इथे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे सोडवावे लागतात. मुलाला खरोखर आजार आहे का, हा पहिला. आजार नसताना, श्रद्धेसाठी किंवा परंपरेसाठी, निरोगी मुलाच्या शरीरावर ही शस्त्रक्रिया करायची का, केव्हा आणि कशी करायची, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तपासणीतून मिळते. दुसऱ्याचे उत्तर कोणताही डॉक्टर तपासणीच्या टेबलावर देऊ शकत नाही. प्रत्यक्षात मात्र हे दोन्ही प्रश्न सतत एकमेकांत मिसळले जातात. आजार नसलेल्या मुलाच्या कागदावर ‘फायमोसिस’ (म्हणजे कातडी आवळलेली असणे) लिहिले जाते, आणि श्रद्धेने करायच्या गोष्टीला आरोग्याचे कारण चिकटवले जाते. त्यात मुलाचे हित नसते, आणि खरे सांगायचे तर श्रद्धेचा मानही राखला जात नाही.

कातडी मागे सरकत नाही म्हणजे काय

शिश्नाच्या टोकावरच्या कातडीला वैद्यकात अग्रत्वचा म्हणतात. जन्मतः ती आतल्या बोंडाला चिकटलेली असते. नखाखालची त्वचा नखाला चिकटलेली असते, तसेच ते असते, आणि त्यात काही बिघाड नसतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डग्लस गेअर्डनर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्के मुलांची कातडी पूर्ण मागे सरकत होती. पुढे १९६८ मध्ये डेन्मार्कमधील जेकब ओस्टर यांनी शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे केलेली तपासणी प्रसिद्ध केली. सहा-सात वर्षांच्या सुमारे ८ टक्के मुलांत कातडी आवळलेली होती आणि सोळा-सतराव्या वर्षी असे प्रमाण जेमतेम १ टक्का उरले होते. म्हणजे बहुसंख्य मुलांत ही गोष्ट वयाबरोबर आपोआप सुटते. कुणाची दुसऱ्या वर्षी, कुणाची दहाव्या वर्षी, तर कुणाची मिसरूड फुटताना.

आपल्याकडची एक रीत इथे आड येते, आणि तिच्याबद्दल मला सविस्तर लिहिलेच पाहिजे. बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई तेल-मालिश झाल्यावर मुलग्याची ही कातडी रोज अंगठ्याने मागे ओढते, आत तेलाचा थेंब सोडते आणि ‘नाही ओढली तर पुढे ऑपरेशन लागतं’ असे बाळंतिणीला बजावते. तिचा हेतू चांगला असतो, तिच्या आईने तिला तसेच शिकवलेले असते. परंतु त्या ओढण्याने काय होते, ते मी अनेकदा जवळून पाहिले आहे. जत तालुक्यातून आलेल्या एका आईने मांडीवर दुपटे उलगडले, तेव्हा पाच महिन्यांच्या त्या बाळाच्या कातडीच्या तोंडाशी तीन बारीक चिरा होत्या. कोऱ्या कागदाच्या कडेने बोट कापले की उमटते, तशी लाल रेघ. प्रत्येक शू बरोबर ते बाळ कळवळत होते. अशा चिरा भरतात तेव्हा तिथे कडक व्रण धरतो, कातडीचे तोंड आवळते, आणि जो आजार नव्हता तो आपल्याच हाताने तयार होतो.

म्हणून पहिली सूचना अशी की, कातडी ओढू नये आणि कुणाला ओढू देऊ नये. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते. ती आपोआप सुटी होऊ लागली की मुलाने आंघोळीच्या वेळी जेवढी सहज जाईल तेवढीच मागे घ्यावी, धुवावी आणि लगेच पुढे आणावी. कातडीखाली पांढऱ्या मऊ गाठी दिसल्या तर घाबरू नये. तो पू नसतो, झडलेल्या पेशींचा साठा असतो, आणि कातडी सुटताना तो आपोआप बाहेर पडतो. शू करताना टोक क्षणभर फुग्यासारखे फुगते, तेही पुष्कळ मुलांत दिसते. धार नीट पडत असेल आणि मूल रडत नसेल, तर एवढ्या एका कारणासाठी शस्त्रक्रिया करण्याची घाई नको.

आजार कशाला म्हणावे, तेही नेमके माहीत असावे. कातडीच्या तोंडाशी पांढरट, चामड्यासारखे कडक कडे तयार झाले असेल, तर तो एक विशिष्ट त्वचाविकार असू शकतो. डॉक्टर त्याला बीएक्सओ किंवा लायकेन स्क्लेरोसस म्हणतात. तो लहान बाळांत क्वचितच होतो, सहसा शाळेच्या वयात दिसतो, आणि त्यात सुंता हाच बहुधा योग्य उपचार ठरतो. टोकाला पुन्हा पुन्हा सूज आणि पू येणे, लघवी करताना दर वेळी जोर लावावा लागणे, धार दोऱ्यासारखी बारीक होणे, ही दाखवून घेण्याची कारणे आहेत. मागे ओढलेली कातडी बोंडाच्या मागे अडकून बसली आणि टोक सुजू लागले, तर ते मात्र तातडीचे आहे. त्याला पॅराफायमोसिस म्हणतात. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री रुग्णालय गाठावे. तो प्रसंगसुद्धा बहुधा भूल देऊन हाताने कातडी पुढे आणून निभावतो, प्रत्येक वेळी कापावे लागतेच असे नाही.

कातडी खरोखर आवळलेली असली तरी पहिली पायरी सहसा मलमाची असते. बीटामेथासोनसारखे स्टिरॉइड मलम दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे, आवळलेल्या कड्यावरच हलक्या हाताने लावले की बऱ्याच मुलांत ते सैल पडते. हे मलम औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नये, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच लावावे. माझ्या भावाच्या मुलाला वयाच्या पाचव्या वर्षी एका दवाखान्यात ‘याच आठवड्यात ऑपरेशन, नाहीतर लघवी बंद होईल’ असे सांगण्यात आले होते. वहिनी रात्रभर झोपली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला एका बालशल्यचिकित्सकांना दाखवले. त्यांनी सहा आठवड्यांचे मलम दिले, आणि प्रश्न तिथेच मिटला. तेव्हापासून मी प्रत्येक आई-वडिलांना सांगते की, चिठ्ठीवर ‘फायमोसिस’ एवढेच लिहिले असेल तर तीन गोष्टी विचाराव्यात. कडे पांढरे आणि कडक आहे का? मलम लावून पाहिले तर काय बिघडेल? वर्षभर थांबलो तर धोका कोणता? या तिन्हींची उत्तरे शांतपणे न देणाऱ्याकडून शस्त्रक्रिया करून घेऊ नये. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे.

फायद्या-तोट्यांचे आकडे कसे वाचावेत

निरोगी मुलांची सुंता करावी की नाही, याबद्दल जगातील डॉक्टरांचेच एकमत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये म्हटले की फायदे जोखमीपेक्षा जास्त आहेत, परंतु सर्व नवजात मुलांची सुंता करण्याची शिफारस करण्याइतके ते मोठे नाहीत. म्हणून निर्णय आई-वडिलांवर सोडावा. त्या निवेदनाची मुदत २०१७ मध्ये संपली. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांनी २०१५ मध्ये सरसकट सुंतेची शिफारस करत नसल्याचे सांगितले. नेदरलँड्समधील डॉक्टरांच्या संघटनेने २०१० मध्ये सर्वांत कडक भूमिका घेतली. वैद्यकीय कारण नसताना अल्पवयीन मुलाची सुंता करणे त्याच्या शारीरिक अखंडतेच्या हक्काशी विसंगत आहे, असे तिचे म्हणणे होते. पण कायद्याने बंदी घातली तर हे काम चोरून, अडाणी हातांनी होऊ लागेल, या भीतीने तिनेही बंदीची मागणी केली नाही. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

फायदा सांगणाऱ्यांचे तीन मुद्दे असतात. मूत्रमार्गाचा संसर्ग हा पहिला. सुंता झालेल्या मुलांत तो कमी होतो, हे खरे आहे. पण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासाचा हिशोब असा की, एका निरोगी मुलाचा एक संसर्ग टाळण्यासाठी १११ मुलांची सुंता करावी लागते. ज्याला वारंवार संसर्ग होतो त्या मुलाच्या बाबतीत हाच आकडा ११ वर येतो, आणि ज्याची लघवी मूत्रपिंडाकडे मोठ्या प्रमाणात उलटी चढते त्याच्या बाबतीत ४ वर. एकच शस्त्रक्रिया एका मुलासाठी जवळपास अनावश्यक आणि दुसऱ्यासाठी मूत्रपिंड वाचवणारी ठरते, ते असे. आपले मूल यांपैकी कोणते, हे सोनोग्राफी आणि लघवीच्या तपासण्यांवरून डॉक्टर सांगू शकतात.

दुसरा मुद्दा एचआयव्हीचा. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील तीन मोठ्या चाचण्यांत स्त्रियांकडून पुरुषांना होणारी लागण सुंतेमुळे सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले, आणि त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये लागणीचे प्रमाण फार असलेल्या आफ्रिकी देशांसाठी शिफारस केली. या चाचण्या स्वतःहून तयार झालेल्या प्रौढ पुरुषांवर झाल्या होत्या, हे लक्षात ठेवावे. पाच वर्षांच्या मुलाला हा धोका आज नाही. त्याला तो संभवेल त्या वयात तो स्वतः निर्णय घेऊ शकेल, आणि सुंता झाली तरी कंडोमची गरज संपत नाही. तिसरा मुद्दा शिश्नाच्या कर्करोगाचा. लहानपणी सुंता झालेल्यांत तो फार क्वचित होतो. पण मुळात हा कर्करोग कमी आढळणारा आहे, आणि त्याचा मोठा संबंध न सुटलेल्या आवळलेल्या कातडीशी आणि अस्वच्छतेशी आहे. या दोन्हींवर सुंतेखेरीजही उपाय आहेत.

जोखमीच्या बाजूला रक्तस्राव, जंतुसंसर्ग, कातडी कमी-जास्त कापली जाणे आणि पुढे लघवीचे छिद्र अरुंद होणे, हे नेहमीचे त्रास आहेत. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार वेगवेगळ्या अभ्यासांतील गुंतागुंतीच्या प्रमाणाचा मधला आकडा तान्ह्या मुलांत सुमारे १.५ टक्के, तर मोठ्या मुलांत सुमारे ६ टक्के होता. यातली बहुतेक गुंतागुंत किरकोळ असते. मूत्रमार्गाला भोक पडणे किंवा टोकालाच इजा होणे असे गंभीर प्रकार विरळ असतात, पण ज्या घरात ते घडतात तिथे टक्केवारीला काही अर्थ उरत नाही.

श्रद्धेसाठी करायची असेल तर घरात काय बोलावे

हा भाग मी जपून लिहिते आहे. सुंता ही मुस्लिम समाजात केवळ एक रीत नसते. त्या मुलाला ‘आपला’ म्हणून ओळख देणारा तो विधी असतो. आपल्या शेजारच्या कोकणात बेने इस्राएल ज्यूंनी शतकानुशतके आठव्या दिवशीची सुंता सांभाळली, आजूबाजूच्या समाजात मिसळून गेले तरी ती सोडली नाही. जगातील सुमारे ३० टक्के पुरुषांची सुंता झालेली आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या, जुन्या आणि जिवाभावाच्या गोष्टीला रानटी म्हणणाऱ्याशी कोणतेही कुटुंब बोलणार नाही, आणि बोलू नयेच.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही तितक्याच शांतपणे ऐकण्यासारखे आहे. त्यांचा युक्तिवाद असा की, निरोगी अवयवाचा भाग कायमचा काढला जातो, तो परत लावता येत नाही, आणि ज्याचे शरीर आहे त्याला विचारलेले नसते. त्यावर आपल्याकडे लगेच उत्तर येते, ‘मग कान टोचताना बाळाला कोण विचारतं?’ हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की कानाचे भोक बुजते, सुंता बुजत नाही. दुसऱ्या बाजूने असेही म्हटले जाते की, मुलाची भाषा, धर्म, शाळा, लस हे सारे आई-वडीलच ठरवतात, आणि सर्व मित्र-भावंडांपेक्षा वेगळे राहण्याचे दुःखही मुलालाच सोसावे लागते. तेही खोटे नाही. माझे स्वतःचे मत असे आहे की थांबणे शक्य असेल तिथे थांबावे, मुलाला कळू लागले की त्याच्याशी बोलावे, आणि त्याच्या होकाराला खरी किंमत द्यावी. ज्या घराला तसे थांबणे मान्य नाही, त्या घराशीही मी पुढच्या सर्व सूचना तितक्याच आपुलकीने बोलेन.

थांबायला धर्मात जागा आहे का, असे मला अनेक आया हळूच विचारतात. याचे उत्तर मौलानांनी द्यायचे आहे, परिचारिकेने नव्हे. मात्र एवढे सर्वांना माहीत असावे की कुराणात सुंतेचा थेट उल्लेख नाही, ती हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींच्या, आधाराने आली आहे. इस्लामी धर्मशास्त्राच्या शाफई आणि हंबली परंपरा ती अनिवार्य मानतात, तर हनफी आणि मालिकी परंपरांत ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, म्हणून महत्त्वाची मानली जाते. तिच्यासाठी साऱ्या परंपरांना मान्य असा एकच दिवस ठरलेला नाही. कुणी सातव्या दिवशी करतात, कुणी सातव्या वर्षी. त्यामुळे आजारी, कमी वजनाच्या किंवा घाबरलेल्या मुलाची तारीख पुढे ढकलण्याबद्दल आपल्या मौलानांना निःसंकोच विचारावे. मी पाहिलेल्या कुटुंबांना तरी त्यांनी कधी घाई करायला लावलेली नाही.

मुलाला सांगणे ही सर्वांत टाळली जाणारी गोष्ट आहे. आठ वर्षांचा एक मुलगा नवा पांढरा कुर्ता आणि गळ्यात झेंडूची माळ घालून आमच्याकडे आला होता. त्याला वाटले होते की मामाच्या गाडीतून आपण दर्ग्याच्या उरुसाला निघालो आहोत. गाडी रुग्णालयाच्या दारात थांबली तेव्हा त्याने वडिलांचा हात सोडला, आणि त्यानंतर दिवसभर तो त्यांच्याशी बोलला नाही. जखम दहा दिवसांत भरली. फसवले गेल्याची भावना किती दिवस राहिली, ते मला माहीत नाही. चार वर्षांवरच्या मुलाला आदल्या दोन-तीन दिवसांत, त्याच्या शब्दांत, खरे सांगावे. काय कापणार, सुन्न करण्याचे औषध देणार, नंतर किती दिवस दुखणार, शू करताना जळजळणार. ‘मुंगी चावल्यासारखं होईल’ असे खोटे सांगू नये. तो ‘नको’ म्हणाला तर ओरडण्यापूर्वी त्याला कशाची भीती वाटते ते विचारावे. बहुधा त्याला कुणा मोठ्या मुलाने काहीतरी भयंकर सांगितलेले असते. आणि मुलगा दहा-बारा वर्षांचा असून ठामपणे नकार देत असेल, तर त्याला चौघांनी धरून टेबलावर झोपवू नये. तसे धरणारे हात मी पाहिले आहेत आणि पुन्हा पाहण्याची माझी इच्छा नाही.

आई आणि वडील यांचे एकमत नसेल तर तारीख ठरवूच नये. इंग्लंडमध्ये आई-वडिलांत वाद असेल तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाची सुंता करता येत नाही. आपल्याकडे तसा नियम लिहिलेला नसला तरी दोघांच्या सह्या घेणारे रुग्णालय निवडणे हा साधा उपाय आपल्या हातात आहे.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. मुलींच्या खतन्याची गोष्ट या चर्चेत मिसळू नये. त्याला आरोग्याचा कोणताही फायदा नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना त्याला मुली-स्त्रियांच्या मानवी हक्कांचे उल्लंघन मानते.

कायदा काय म्हणतो

भारतात मुलग्यांच्या सुंतेला परवानगी देणारा किंवा बंदी घालणारा स्वतंत्र कायदा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ नुसार बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, सद्भावनेने, पालकाच्या संमतीने केलेले कृत्य काही मर्यादांत गुन्हा ठरत नाही. पूर्वीच्या दंड संहितेत हेच कलम ८९ होते. सगळा वाद ‘हित’ या एका शब्दाभोवती फिरतो. आजारी मुलाच्या बाबतीत हित उघड असते, निरोगी मुलाच्या बाबतीत त्यात धार्मिक आणि सामाजिक हित मोजायचे का, यावर मतभेद आहेत. केरळ उच्च न्यायालयात वैद्यकीय कारणाविना होणाऱ्या मुलांच्या सुंतेवर बंदी मागणारी जनहित याचिका आली होती. न्यायालयाने ती मार्च २०२३ मध्ये फेटाळली. एका बाजूला घटनेच्या अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्य आणि दुसऱ्या बाजूला अनुच्छेद २१ मधील जीविताचा हक्क, तसेच भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार, असा हा पेच आहे. त्या कराराचा अनुच्छेद १२ मुलाचे मत त्याच्या वयानुसार आणि समजेनुसार विचारात घ्यायला सांगतो.

जर्मनीत काय घडले, ते यासाठी जाणून घेण्यासारखे आहे. कोलोनमध्ये एका डॉक्टरांनी चार वर्षांच्या मुस्लिम मुलाची आई-वडिलांच्या इच्छेने सुंता केली. दोन दिवसांनी रक्तस्राव झाल्याने प्रकरण न्यायालयात गेले. मे २०१२ मध्ये तिथल्या न्यायालयाने डॉक्टरांना निर्दोष सोडले, पण धार्मिक कारणासाठी केलेली सुंता ही शारीरिक इजा ठरते असे म्हटले. देशभर वादळ उठले, ज्यू आणि मुस्लिम संघटना एकत्र आल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मन संसदेने ४३४ विरुद्ध १०० मतांनी कायदा करून वैद्यकीय नियम पाळून केलेल्या सुंतेला मान्यता दिली. आइसलँडमध्ये २०१८ मध्ये बंदीचे विधेयक आले, पण ते पुढे गेले नाही. स्वीडनने २००१ मध्ये मधला मार्ग काढला. तिथे विधी करता येतो, पण वेदनाशमन आणि प्रशिक्षित हात सक्तीचे आहेत. माझ्या मते आपल्याकडे कायदा होवो न होवो, हा स्वीडनचा नियम प्रत्येक घराने आजच स्वतःला लावून घ्यावा.

करायचे ठरल्यावर काय तपासावे

शस्त्रक्रिया करणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर असावी, शक्यतो बालशल्यचिकित्सक किंवा लहान मुलांच्या सुंता नियमित करणारे शल्यचिकित्सक. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. घरी येऊन वस्तऱ्याने काम करणाऱ्याच्या हातात कितीही सफाई असली, तरी रक्त थांबले नाही तर त्याच्याजवळ दुसरा उपाय नसतो. सुट्टीत भरणाऱ्या सामूहिक शिबिरांत मुलाला न्यायचे असेल, तर आयोजकांना विचारावे की प्रत्येक मुलासाठी निर्जंतुक केलेला स्वतंत्र संच आहे का, एका डॉक्टरामागे किती मुले आहेत, आणि रात्री रक्त आले तर कुणाला फोन करायचा. ‘मोफत आहे, विचारायचं कशाला’ असा संकोच करू नये.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी मुलाला एकदा नीट पाहणे आवश्यक आहे, कारण काही मुलांची सुंता करायचीच नसते. लघवीचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल, तर पुढे ते दुरुस्त करताना हीच कातडी लागते. साधारण दोनशे-तीनशे मुलांमागे एकात असा दोष असतो. ती कातडी कापून टाकल्यावर शल्यचिकित्सकाचे काम फार अवघड होते. शिश्न वाकलेले किंवा चरबीत दबलेले असणे, कावीळ, ताप, कमी वजन हीसुद्धा थांबण्याची कारणे आहेत. घरात, विशेषतः आईच्या भावांना किंवा आईच्या वडिलांना, दात काढल्यावर वा जखम झाल्यावर रक्त न थांबण्याचा त्रास असेल तर तो न विचारताच सांगावा. हिमोफिलियाचे, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराचे, निदान सुंतेच्या टेबलावर होणे ही भयंकर गोष्ट आहे.

भूल हा विषय टाळू नये. तान्ह्या बाळालाही वेदना होतात, ‘एवढ्या लहानाला काय कळतंय’ हे खोटे आहे. बाळांना मुळाशी सुन्न करण्याचे इंजेक्शन देता येते, मोठ्या मुलांना सहसा पूर्ण भूल दिली जाते. पूर्ण भूल असेल तर जेवण सहा तास आधी, अंगावरचे दूध चार तास आधी आणि पाणी दोन तास आधी बंद करावे लागते. हे तास आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. लाडाने दिलेले एक बिस्किट भूल धोक्याची करू शकते. लेझर, स्टेपलर, रिंग या शब्दांनी भुलून जाऊ नये. पद्धतीपेक्षा करणाऱ्याचा सराव महत्त्वाचा.

संमतिपत्र ही माझ्या कामातली वस्तू, म्हणून त्याबद्दल आग्रहाने सांगते. ते मराठीत मागावे, सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावे, आणि त्यात शस्त्रक्रियेचे नाव, कारण, भुलेचा प्रकार आणि संभाव्य धोके लिहिलेले आहेत का, ते पाहावे. आजार नसेल तर कारणाच्या रकान्यात ‘पालकांच्या धार्मिक इच्छेनुसार’ असेच लिहायला सांगावे. खोटे निदान मुलाच्या नोंदीत आयुष्यभर राहते. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की एका कामासाठी दिलेली संमती दुसऱ्या कामाला चालत नाही. त्यामुळे हर्नियाच्या ऑपरेशनवेळी ‘त्यासोबत सुंताही उरकून टाकू’ असे कुणी टेबलावरून ठरवू शकत नाही. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. निष्काळजीपणा झाल्याची खात्री असेल, तर पैसे देऊन घेतलेल्या सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तिथे हेच कागद कामाला येतात.

घरी आणल्यावर

पहिले दोन दिवस सूज आणि थोडे रक्ताचे डाग अपेक्षित असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोकावर पिवळसर ओला थर दिसतो. तो पू समजून खरवडू नये. वेदनाशामक औषध मूल रडायची वाट न पाहता, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवर द्यावे. सैल लुंगी किंवा झबले घालावे. पांघरुणाचा स्पर्श टाळायला आमच्याकडच्या आया पुठ्ठ्याचे खोके अर्धे कापून कमानीसारखे मांड्यांवर ठेवतात, आणि ते फार उपयोगी पडते. जखमेवर हळद, राख, कुंकू, टाल्कम पावडर यांपैकी काहीही घालू नये. सांगलीच्या बाजारपेठेत हळदीचा मान कितीही मोठा असला तरी या ओल्या जखमेवर तिची पूड खपलीत अडकते आणि मलमपट्टी करताना मुलाला असह्य होते.

दाबून धरूनही पाच-दहा मिनिटांत रक्त थांबत नसेल, बारा तासांत लघवी झाली नसेल, टोक निळे-काळे दिसू लागले असेल किंवा ताप चढला असेल, तर लगेच रुग्णालयात आणावे. रिंग बसवली असेल तर ती साधारण आठवडाभरात आपोआप गळते. दहा-बारा दिवसांनंतरही अडकून राहिली तर ओढून काढू नये, दाखवावी. सर्व भरून आल्यावर काही महिन्यांनी एकदा मुलगा शू करताना धारेकडे लक्ष द्यावे. ती सुईसारखी बारीक झाली असेल, वरच्या बाजूला उडत असेल किंवा त्याला उभे राहून जोर लावावा लागत असेल, तर छिद्र अरुंद झालेले असू शकते. त्यावर छोटासा उपचार असतो, मात्र त्यासाठी ते कुणीतरी पाहिलेले असावे लागते.